पहाटेची पिग्मी

जानेवारी उजाडला की आमच्याकडच्या तलावांच्या काठी गर्दी वाढते. ठाण्यात कचराळी तलावाभोवती आणि उपवनाला, कल्याणात काळ्या तलावाच्या कडेने, डोंबिवलीत घरडा सर्कलजवळच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात नवे कोरे बूट दिसू लागतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत या बुटांचा उत्साह टिकतो. पुढे रथसप्तमी येते. तो तर खुद्द सूर्यनारायणाचा सण. पण तोवर त्यातले बरेचसे बूट चपलांच्या कपाटात तळाला गेलेले असतात. मग घराघरांत, दवाखान्यांत आणि लोकलच्या डब्यांत तोच जुना प्रश्न नव्याने निघतो : पहाटे उठून व्यायाम करायचा हुरूप आणायचा तरी कुठून?

उत्तरे देणाऱ्यांची वाण नाही. गजराचे घड्याळ पलंगापासून लांब ठेवा, म्हणजे ते बंद करायला उठावेच लागेल. व्यायामाचे कपडे रात्रीच काढून ठेवा. पाचच मिनिटे करायचे आहे असे मनाला सांगा. सल्ले वाईट नाहीत. त्यातला एखादा लागूही पडतो. परंतु या सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की दोष माणसाच्या मनात आहे. तो आळशी आहे, त्याचा निश्चय कच्चा आहे, त्याला कोणीतरी चेतवले पाहिजे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यापुरते तरी हे गृहीत मला साफ चुकीचे वाटते.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातली बहुतेक वर्षे डोंबिवलीहून मुंबईला जाऊन-येऊन काढली. कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे माणसे न्याहाळायची खोडही आहे. ज्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा साडेचारला लागतो, ज्यांच्या कुकरची शिट्टी पाचच्या आत होते, जे सहाच्या गाडीला फलाटावर हजर असतात, त्यांना उठायचे कसे हे शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवणे होय. ही माणसे उठतातच. त्यांची पहाट त्यांच्या मालकीची राहिली आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी दुखणे किती मोठे आहे ते पाहू. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली जगभरच्या पाहण्यांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ शरीराला पुरेशी हालचाल देत नव्हते. २००० साली हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते आता ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. 'पुरेशी' म्हणजे काही फार नव्हे : भरभर चालण्यासारखी बेताची मेहनत आठवड्याला दीडशे मिनिटे, किंवा दमवणारी मेहनत पाऊण तास कमी दोन तास, म्हणजे ७५ मिनिटे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास त्या उंबरठ्यावर उभे असलेले आढळले. तेव्हा दुखणे खरे आहे, याबद्दल वाद नाही. औषध लिहून देताना रोग्याची दिनचर्या कोणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

गहाण पडलेली पहाट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. आमच्या दिनचर्येचा पाया त्या दोन वर्षांत घातला गेला. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसतसा मध्यमवर्ग रुळांच्या कडेकडेने मागे सरकत आला. आधी ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण आणि आता त्याच्याही पलीकडे टिटवाळा, बदलापूर. ठाण्याची महापालिका १९८२ साली झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांच्या वर गेले होते आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात होती. घरे इकडे आली, नोकऱ्या बव्हंशी तिकडेच राहिल्या. डोंबिवलीहून मुंबईचे शेवटचे स्थानक ४८ किलोमीटर, कल्याणहून ५४. घर स्वस्तात मिळाले असे आपण म्हणतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर किमतीचा उरलेला भाग आपण रोज वेळेच्या हप्त्याने फेडत असतो आणि हे कर्ज निवृत्तीच्या दिवशीच फिटते.

एका साध्या दिवसाचा हिशेब मांडू. सव्वासातला घर सोडायचे, सव्वानऊला कचेरी गाठायची. संध्याकाळी सव्वासहाला निघून साडेआठला घरी. सव्वातेरा तास असे गेले. उरले पावणेअकरा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. म्हणजे हातात राहिले पावणेचार तास. त्यात स्वयंपाक, आंघोळ, पाण्याची वेळ, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे, दळण, बिले आणि जेवण. यातून व्यायामासाठी तास काढायचा तर तो बहुधा झोपेतूनच निघतो. तब्येतीसाठी झोप मोडायची, हे जुने कर्ज नव्या कर्जातून फेडण्यासारखे आहे. खातेवहीत काही दिवस सारे छान दिसते. मग एक दिवस खाते बुडीत निघते.

ही ओढाताण नुसत्या थकव्यावर भागत नाही. ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातले काही प्राणाला मुकले. त्या सकाळी ती माणसे वेळेवर उठली होती आणि वेळेवर घराबाहेर पडली होती. त्यांच्या शिस्तीत काही कमी होते असे कोण म्हणेल?

बायकांचा हिशेब आणखी अवघड. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रीचे रोज सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. या दोन आकड्यांतले अंतर तीन तासांहून अधिक आहे. वर जे पावणेचार तास हाती राहिले होते, त्यांत स्त्रीच्या वाट्याला काय उरत असेल ते वाचकांनीच पाहावे. आमच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, वाटाणे सोलणाऱ्या बायकांची छायाचित्रे कौतुकाने छापून येत असत. त्या बायका गंमत म्हणून निवडत नव्हत्या. घरी पोचल्यावरची पंधरा मिनिटे त्या गाडीत कमावत होत्या.

माझ्याबरोबर कल्याणची एक सहकारी होती. पंचेचाळिशीत तिला साखर निघाली. डॉक्टरांनी रोज पहाटे चाळीस मिनिटे चालायला सांगितले. दुसऱ्या दिवशी गाडीत ती म्हणाली, 'मी त्यांना विचारलं, कुठली चाळीस? साडेचारला उठते, त्याच्या आधीची की नंतरची?' डब्यातल्या आम्ही सगळ्या हसलो. हसून झाल्यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. तिला ते पुढे कसे सापडले, ते नंतर सांगते.

सकाळी मैदानात नेमके कोण असते, हे कधी वय पाहून मोजावे. कचराळीला काय किंवा आमच्या संकुलात काय, साठीच्या पुढची मंडळी भरपूर. विशीतली थोडी, ती बहुतेक पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणारी. तीस ते पन्नास या वयाची, म्हणजे ज्यांना आजार टाळायला अजून अवसर आहे अशी माणसे तुरळक. आम्ही म्हातारे मग कट्ट्यावर बसून 'हल्लीच्या पिढीला उठवत नाही' असे म्हणतो. यात आमचे कर्तृत्व थोडे आणि शरीराचा धर्म अधिक आहे. शरीराच्या आतले घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. हे घड्याळ प्रत्येकाचे थोडे वेगळे असते, काही अंशी जन्मतःच. ऐन तारुण्यात ते मागे पडते आणि उतारवयात पुढे धावते. मी हल्ली पाचला गजराशिवाय उठते. त्याचे श्रेय निश्चयाला द्यावे असे मला वाटत नाही. शिवाय मला आता सव्वासातची गाडी नाही.

गाडी थांबत नाही

आता दुसरी बाजू. व्यायामाला न उठणारा तोच माणूस ठरलेली गाडी वर्षानुवर्षे चुकवत नाही. पावसात नाही, अंगात कणकण असताना नाही, घरात रात्री भांडण झाले असताना तर मुळीच नाही. हे कशाच्या बळावर होते? गाडीला जाण्याची 'इच्छा' कोणाला असते?

माझ्या मते याची तीन कारणे आहेत. पहिले, गाडी थांबत नाही. 'थोड्या वेळाने जाऊ' ही सोय तिच्यापाशी नाही. दुसरे, चुकल्याची किंमत त्याच दिवशी कळते. मस्टरवर लेट मार्क लागतो आणि असे तीन झाले की एक रजा जाते, हा हिशेब नोकरदाराला तोंडपाठ असतो. तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते : गाडीत कोणीतरी आपली वाट पाहत असते. आमच्या डब्यातला गट ठरलेला, दार ठरलेले. एखादी दोन दिवस दिसली नाही तर रात्री तिच्या घरी फोन जायचा. 'का गं, बरी आहेस ना?' एवढेच विचारायचे. पण त्या प्रश्नाच्या ओढीने कितीतरी जणी तिसऱ्या दिवशी उठून येत.

आणखी एक दाखला डोंबिवलीच्या अंगणातलाच. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर या. एरवी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारी मुले-मुली अभ्यंगस्नान उरकून, ठेवणीतले कपडे घालून उजाडायच्या सुमारास गणेशमंदिराच्या वाटेवर हजर असतात. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची शोभायात्रा सुरू केली. तिच्यासाठीही गाव असाच भल्या सकाळी रस्त्यावर येतो. या मुलांना कोणी व्याख्यान दिलेले नसते. सगळे तिथे असणार, आपण नसलो तर चुकल्यासारखे होणार, एवढे पुरते.

मनाचा निश्चय ही चैनीची वस्तू आहे असे मी म्हणत नाही. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमवायला दिले आणि अभ्यास बाजूला ठेवला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण टिळकांनी त्यासाठी आख्खे वर्ष मोकळे केले होते, याकडे आपण नीट पाहत नाही. सव्वासातच्या गाडीच्या माणसाला वर्ष सोडा, आठवडासुद्धा मोकळा मिळत नाही. त्याने टिळकांचा निश्चय घ्यावा आणि वेळ मात्र स्वतःचा वापरावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

१९२८ सालच्या दोन गोष्टी

बँकेत असताना बचतीच्या बाबतीत आम्हाला हाच प्रश्न पडत असे. गरीब माणूस बचत का करत नाही? पुस्तकी उत्तर असे, की त्याला बचतीचे महत्त्व पटलेले नाही. प्रत्यक्षात भाजीवालीला आणि रिक्षावाल्याला बचतीचे महत्त्व व्यवस्थापकापेक्षा जास्त पटलेले असते. त्यांच्याजवळ संध्याकाळी थोडे सुटे पैसे असतात आणि त्या वेळी बँक बंद असते, ही खरी अडचण. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून वाढली आणि २०२०मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, यावर तोडगा काढला. बँकेचा माणूस रोज दारात जाईल आणि दोन आण्यांपासून जमा करून घेईल. हीच पिग्मी. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती गावोगाव नेली. डोंबिवली-कल्याणच्या बाजारात आजही संध्याकाळी पिग्मीवाला गाळ्यागाळ्यांतून फिरताना दिसतो. तो कोणाला प्रेरणा देत नाही. ठरल्या वेळी येतो, थोडेच मागतो आणि उद्या पुन्हा येतो.

त्याच १९२८ साली जपानमध्ये नभोवाणीवरून रोज सकाळी सामुदायिक व्यायाम सुरू झाला. 'रेडिओ ताइसो' हे त्याचे नाव. कल्पना टपाल खात्याच्या आयुर्विमा विभागाने उचलून धरली होती आणि नमुना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा होता. विमेदार जितका जास्त जगेल तितके विमेवाल्याचे हित, हा त्यामागचा रोखठोक विचार. सकाळी साडेसहाला पियानोचा ठेका सुरू होतो आणि उद्यानांत, शाळांच्या पटांगणांत लोक ठरलेल्या हालचाली करतात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या गळ्यात एक कार्ड असते आणि हजेरीचा शिक्का त्यावर रोज मारला जातो. थेट पिग्मीचे कार्डच म्हणा ना! युद्धकाळात या प्रकाराला लष्करी शिस्तीचा वास लागला, महायुद्धानंतर काही वर्षे तो बंद पडला आणि १९५१मध्ये नव्या रूपात परतला. सक्तीचा तो भाग आपल्याला नको. दहा मिनिटे, घराजवळची जागा, ठरलेली वेळ आणि शिक्का मारणारे कोणीतरी, एवढे घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे हे अगदीच नव्हते असे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळाशाळांत नेले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभे आहे. कोल्हापूरच्या तालमींत पहाटे पठ्ठ्याला उठवायला वस्ताद असे. ठाण्यात मावळी मंडळासारख्या संस्थांनी कितीतरी मुलांना मैदानाची गोडी लावली. या साऱ्यांत एक समान सूत्र आहे : माणूस एकटा नव्हता. उठायची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या मनावर टाकलेली नव्हती.

गेल्या तीसएक वर्षांत आपण व्यायामही खासगी करून टाकला. आता वर्षाची वर्गणी भरायची आणि पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. घोडबंदर रोडच्या मनोऱ्यांत तळमजल्यावर काचेची जिम असते आणि तिचा देखभालखर्च प्रत्येक बिऱ्हाड भरते. मात्र आत जाणाऱ्यांना बोटे पुरतात. ही गत आपल्याकडचीच आहे असे मात्र नाही. डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या हजेरीचा अभ्यास छापला. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत होते, आणि तिथेच दहा डॉलरला एक अशा हिशेबाने दहा खेपांचा पास मिळत होता! माणूस पैसे भरताना उद्याच्या स्वतःवर फार विश्वास टाकतो. बँकेत अशा खात्यांना आम्ही 'निष्क्रिय' म्हणत असू. खाते उघडते मोठ्या हौसेने, नंतर त्यावर नोंदच होत नाही.

सकाळच हवी का?

पहाटेचे आपल्या संस्कृतीत मोठे माहात्म्य आहे आणि पहाट सुंदर असते हेही खरे. परंतु शरीर हिशेब ठेवते तो हालचालीचा, मुहूर्ताचा नव्हे. १९५३ साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघांची बस एक, पाळी एक, शहर एक. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढ-उतर करणारा. वाहकांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तर उशिरा होत होता. त्या वाहकांतला कोणी व्यायामासाठी पहाटे उठत होता म्हणून हे घडले नव्हते. त्याची मेहनत त्याच्या कामातच मुरलेली होती.

दुसरे, आमच्याकडची पहाटेची हवा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, त्यामुळे धूर आणि धूळ पहाटे सर्वाधिक दाटते. ज्या डोंबिवलीत जानेवारी २०१४मध्ये हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला, तिथे 'पहाटेची शुद्ध हवा' हे शब्द जपूनच वापरलेले बरे. ज्यांना दमा वा हृदयाचे दुखणे आहे त्यांनी हिवाळ्यात ऊन आल्यावर निघावे. त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट दिलाशाची. लंडनच्या विद्यापीठात फिलिपा लॅली यांनी २००९च्या सुमारास नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिले. सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ लागले, कोणाच्या बाबतीत अंदाज २५४वर गेला. मधला एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही, असेही त्यात दिसले. आपण मात्र एक खाडा झाला की व्रत मोडले असे समजतो आणि बूट कपाटात टाकतो. पिग्मीवाला एका दिवसाच्या खाड्यासाठी खाते बंद करत नाही.

आता त्या कल्याणच्या सहकारीची गोष्ट. तिने पहाट सोडून दिली. तिच्या भागातल्या आणखी दोघी त्याच गाडीला असत. तिघींनी ठरवले, की संध्याकाळी स्थानकाचा जिना उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे नाही. स्थानकापासून खडकपाड्यापर्यंत चालायचे, जमेल तेवढे भरभर. साधारण पस्तीस मिनिटे. नियम एकच : एकीला गाडी चुकली तर उरलेल्या दोघींनी निघायचे, पण चुकलेलीने घरी पोचल्यावर कळवायचे. रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटे जातच होती, त्यामुळे घरी पोचायला फार उशीर होत नसे. तिच्या गोळ्या सुटल्या नाहीत, वाढल्याही नाहीत. आज ती निवृत्त आहे आणि चालते आहे. तिला प्रेरणेविषयी विचारले तर ती म्हणेल, 'छे, त्या दोघी उभ्या असायच्या ना!'

मागणे कोणाकडे?

या तिघींच्या मार्गात रोज काय काय आले, त्याची यादी म्हणजेच आपल्या मागण्यांचा जाहीरनामा. तुटलेला पदपथ, पदपथावर लावलेली दुचाकी, उघडे गटार, दिव्याचा बंद खांब, कोपऱ्यावरची टवाळी. सुशोभनासाठी उद्यानात लोखंडी यंत्रे बसवून 'ओपन जिम' असा फलक लावणे सोपे असते आणि उद्घाटनाला फीत कापता येते. स्थानकापासून तीन किलोमीटरपर्यंत प्रत्येक दिशेला एक सलग, उजेडाचा, बायकांना निर्धास्तपणे चालता येईल असा पदपथ करण्यात फीत कापण्याजोगे काही नाही. पण लाखो माणसे रोज दोनदा त्यावरून जातील. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन काही वर्षांच्या खंडानंतर २०२५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा झाली, हे चांगलेच झाले. वर्षातला एक दिवस धावण्यासाठी रस्ते मोकळे होतात. उरलेल्या दिवसांत चालण्यासाठी निदान त्यांची कड मोकळी असावी, एवढेच मागणे आहे. मैदानांचेही तसेच. आहेत ती मैदाने सभा-समारंभांच्या मांडवांपासून वाचवून सकाळी आणि रात्री उशिरापर्यंत उघडी, उजेडाची ठेवली, तर संध्याकाळी आठला घरी येणाऱ्यालाही त्यात जागा मिळेल.

कचेऱ्यांकडेही मागणे आहे. २०२३ साली मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने आपल्या कचेरीच्या वेळा दोन पाळ्यांत वाटल्या आणि इतर संस्थांनाही तसे करण्याचे आवाहन केले. गर्दी विभागण्यासाठी ते होते. पण एखाद्याची कचेरी साडेअकराला भरली, तर त्याची पहाट त्याला परत मिळते हेही त्यातून साधते. आरोग्य शिबिर भरवून साखर मोजणाऱ्या आणि फलाहार वाटणाऱ्या कंपन्यांनी आठवड्यातले दोन दिवस तरी वेळ पुढेमागे करून पाहावी. ती शिबिराहून स्वस्त पडेल.

'हे सगळे होईपर्यंत आम्ही थांबायचे का?' असे कोणी विचारेल. थांबू नये. मात्र एकट्याने सुरू करू नये. वाड्यातले, मजल्यावरचे, डब्यातले दोघे-तिघे गाठावेत. वेळ अशी ठरवावी की ती झोपेतून काढलेली नसेल. वीस मिनिटे पुरेत. आठवड्यातून आठ वेळा केले की दीडशे भरतातच. हजेरी कोणीतरी घ्यावी, आणि ते काम आम्हा निवृत्तांना सहज जमण्यासारखे आहे. आम्ही पाचला उठतोच. तरुणांना नावे ठेवत कट्ट्यावर बसण्यापेक्षा शेजारच्या तिशीतल्या सुनेची लेकरे अर्धा तास सांभाळली, तर तिचे चालणे होईल. मैदानावर एक माणूस वाढवण्याचा यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

शेवटी प्रश्न घरातल्या वाटणीवर येऊन ठेपतो. पहाटे साडेपाचला नवरा फिरायला जातो आणि परत येतो तेव्हा चहा तयार असतो, अशी घरे आपल्या जिल्ह्यात हजारो आहेत. त्याच्या तब्येतीचे कौतुक होते. ते व्हायलाही हवे. पण त्या घरातल्या दोन प्रकृतींपैकी एकच सुधारत असते. रविवार आहे, हा लेख वाचताना तुमच्या हातात चहा असेल. तो कोणी केला, ती व्यक्ती किती वाजता उठली आणि उद्या सोमवारी तिची वीस मिनिटे कोणत्या कामातून सोडवता येतील, एवढा हिशेब आज घरात बसून करावा.